न्यूझीलंडचा २० वर्षांखालचा रग्बी संघ: सहा विजेतेपदं, पण २०१७ नंतर एकही का नाही?

रेषेपलीकडे:
२० वर्षांखालच्या मुलांची जागतिक रग्बी स्पर्धा २००८ मध्ये सुरू झाली. त्याआधी १९ वर्षांखालची आणि २१ वर्षांखालची अशा दोन स्पर्धा व्हायच्या, त्या मोडून ही एक केली. २०२० ते २०२२ ही तीन वर्षं कोविडात गेली. तेव्हा २०२५ धरून एकूण १५ स्पर्धा झाल्या आणि त्यांतल्या सहा एकट्या न्यूझीलंडने जिंकल्या. इंग्लंडने ४, फ्रान्सने ३, दक्षिण आफ्रिकेने २. बाकी कुणाच्या हाती काही लागलेलं नाही.

न्यूझीलंडची वाटचाल अशी. २००८ ते २०११ सलग चार विजेतेपदं. अंतिम सामन्यात इंग्लंडला ३८-३ (स्वान्सी), पुन्हा इंग्लंडला ४४-२८ (टोकियो), ऑस्ट्रेलियाला ६२-१७ (रोझारियो) आणि परत इंग्लंडला ३३-२२ (पादोवा). २०१२ ला उपविजेते, २०१३ ला चौथे, २०१४ ला ऑकलंडमध्ये घरच्या प्रेक्षकांसमोर तिसरे. २०१५ ला क्रेमोनात इंग्लंडला २१-१६ हरवून पाचवं विजेतेपद. २०१६ ला पाचवे. २०१७ ला तिबिलिसीत इंग्लंडला ६४-१७, सहावं विजेतेपद. आणि तिथून पुढे: २०१८ चौथे, २०१९ सातवे, २०२३ सातवे, २०२४ तिसरे, २०२५ उपविजेते.

पहिल्या चार स्पर्धांत २० सामने आणि २० विजय. असा संघ दोनदा सातवा येतो, तेव्हा "ती पिढीच कमी पडली" हे उत्तर मला पटत नाही. ज्या देशात शाळेच्या पहिल्या पंधराचा, म्हणजे मुख्य संघाचा, सामना टीव्हीवर दाखवतात, तिथे १९ वर्षांची चांगली मुलं एकाएकी संपतील कशी? जाणकारांनी नेमकी कारणं सांगावीत. तयारी, नियम, वेळापत्रक, खेळाडू सोडण्याचा प्रश्न, जे असेल ते.

नऊनंबरी:
तुमच्या हिशेबात एक भर. अंतिम सामने सर्वांत जास्त खेळलाय तो इंग्लंड: १०. न्यूझीलंड ८. इंग्लंडने गमावलेल्या सहा अंतिम सामन्यांपैकी पाच न्यूझीलंडसमोरचे. न्यूझीलंडने मात्र अंतिम सामना फक्त दोनदा गमावला आणि दोन्ही वेळा समोर दक्षिण आफ्रिका: २०१२ ला केपटाऊनमध्ये १६-२२ आणि २०२५ ला रोव्हिगोत १५-२३.

इंग्लंड समोर आलं की चषक, आफ्रिका आली की हात रिकामे. उत्तर इथेच कुठेतरी आहे.

तळ्याकाठचा:
नऊनंबरी, अंतिम सामन्यांपुरतंच नाही ते. २०१३ ला तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत आफ्रिका ४१-३४. २०१४ ला उपांत्य सामन्यात आफ्रिका ३२-२५. २०१८ ला परत तिसऱ्या क्रमांकासाठी ४०-३०. २०१९ ला गटात २५-१७. सगळीकडे हरलेला संघ एकच.

खांदेकरी:
आता ही यादी स्क्रमच्या बाजूने वाचा. स्क्रम म्हणजे दोन्ही संघांचे आठ-आठ जण खांदे भिडवून चेंडूसाठी एकमेकांना ढकलतात ते.

शाळेतल्या रग्बीत, म्हणजे १९ वर्षांखालच्या नियमांत, स्क्रममध्ये समोरच्याला दीड मीटरच्या पुढे ढकलता येत नाही. मान वाचावी म्हणून हा नियम आहे आणि तो योग्यच आहे. पण २० वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेत मोठ्यांचे नियम. तिथे आठ जण मिळून तुम्हाला दहा मीटर मागे नेऊ शकतात. काल शाळेतून आलेल्या प्रॉपला (स्क्रमच्या पुढच्या फळीत कडेला असणाऱ्याला) हा पूर्ण दाब एका वर्षात शिकायचा असतो.

सगळ्यांत अवघड जागा तीन नंबरची, टाइटहेड प्रॉपची. त्याचं डोकं समोरच्या प्रॉप आणि हुकर (पुढच्या फळीतला मधला) या दोघांच्या मध्ये जातं, म्हणजे दोन खांद्यांवर दोघांचा भार. एक नंबरवाल्याचा, म्हणजे लूझहेड प्रॉपचा, डावा खांदा मोकळा असतो, त्याला तेवढी सवलत आहे. "क्राउच, बाइंड, सेट" या तीन हाकांत तीन नंबरवाल्याने तीन गोष्टी सांभाळायच्या. कंबर खांद्यांच्या वर जाऊ द्यायची नाही, गेली की छाती खाली आणि नाक गवतात. पाय फार मागे टाकायचे नाहीत, टाकले तर दाब आला की माणूस पालथा पडतो. फार जवळही ठेवायचे नाहीत, नाहीतर तो वर उचलला जातो. तिसरं म्हणजे उजव्या हाताची पकड समोरच्याच्या पाठीवर किंवा कुशीवर, जर्सीला घट्ट. ती दंडावर घसरली किंवा कोपर खाली आलं की रेफरीला वाटतं यानेच स्क्रम पाडला. शिट्टी.

आणि पेनल्टी एवढ्यावर थांबत नाही. पेनल्टीवरून चेंडू थेट बाहेर मारला तरी लाइनआउटचा थ्रो (दोन्ही संघांच्या रांगांमध्ये कडेवरून चेंडू आत फेकणं) मारणाऱ्याचाच. म्हणजे मधल्या रेषेजवळचा एक पडलेला स्क्रम तुम्हाला थेट तुमच्या पाच मीटर रेषेवर आणून ठेवतो. तिथून लाइनआउट, मॉल (चेंडूवाल्याभोवती जमून सगळ्यांनी पुढे रेटणं), ट्राय (गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवणं). मॉल मुद्दाम पाडला तर पिवळं कार्ड, दहा मिनिटं १४ जण, आणि होणारा ट्राय अडवला असं ठरलं तर सात गुणांचा पेनल्टी ट्राय. ही साखळी आफ्रिकेच्या मुलांना झोपेत येते. रोव्हिगोच्या अंतिम सामन्यात त्यांच्या स्क्रमने न्यूझीलंडला उसंत मिळू दिली नाही. मागच्या फळीत पोरं कितीही चपळ असोत, चेंडू मागे सरकत्या स्क्रममधून आला तर ती करणार काय?

मधल्या_फळीतला:
खांदेकरी, स्क्रमबद्दल सहमत, पण तेवढ्याने २०१५ आणि २०१७ चा उलगडा होत नाही. तेव्हाही मुलं शाळेतूनच येत होती आणि दीड मीटरचा नियम तेव्हाही होता. २०१७ च्या अंतिम सामन्यात आसाफो आउमुआने तीन ट्राय केले, आणि तो हुकर! म्हणजे पुढची फळी नुसती टिकली नाही, ती चढून खेळली.

माझ्या मते खरं कारण वेळापत्रक. उत्तरेकडचे सहा देश (इंग्लंड, फ्रान्स, आयर्लंड, वेल्स, स्कॉटलंड, इटली) फेब्रुवारी-मार्चमध्ये सिक्स नेशन्सची २० वर्षांखालची स्पर्धा खेळतात. प्रत्येकाला पाच कसोट्या, त्याही तोडीस तोड संघांशी. जागतिक स्पर्धेला उतरतात तेव्हा त्यांचा आठ आणि नऊ नंबर एकमेकांना डोळे मिटून ओळखतात. न्यूझीलंडकडे त्या काळात काय होतं? २०१५ पासून ओशनियाची स्पर्धा, त्यात कस लावणारा प्रतिस्पर्धी म्हणजे ऑस्ट्रेलिया. सामोआ, टोंगा, फिजी यांच्यावर मोठ्या फरकाने जिंकून लाइनआउटच्या खुणा पक्क्या होत नाहीत.

खांदेकरी:
आउमुआचा मुद्दा मान्य. पण तो एकाच वर्षी नव्हता, २०१६ च्या संघातही होता. दुसऱ्या वर्षी परत येणारा पुढच्या फळीतला मुलगा म्हणजे सोनं. ल्यूक जेकबसनही तसाच, २०१६ ला खेळला आणि २०१७ ला कर्णधार. पाचव्या क्रमांकाचा अनुभव घेतलेली मुलं पुढच्या वर्षी जिंकली. माझं म्हणणं उलट तुमच्यामुळे पक्कं होतं.

शिशिर_क:
वयाचा नियम नेमका काय? २० पूर्ण झालेली मुलंही मैदानात दिसतात.

मोजपट्टी:
शिशिर_क, स्पर्धेच्या वर्षी १ जानेवारीच्या आधी २० पूर्ण झालेली नसावीत. २०२५ साठी जन्म १ जानेवारी २००५ किंवा त्यानंतरचा हवा. त्यामुळे जानेवारीत जन्मलेला मुलगा जुलैच्या अंतिम सामन्यात साडेवीस वर्षांचा असू शकतो आणि डिसेंबरातला साडेएकोणीसचा. या वयात ते वर्षभराचं अंतर प्रॉपच्या मानेत दिसतं, विंगरच्या पायात फारसं दिसत नाही.

आता स्पर्धेच्या रचनेबद्दल. ती नीट समजल्याशिवाय "सातवे" या शब्दाचं वजन कळणार नाही. २००८ आणि २००९ ला १६ संघ होते, २०१० पासून १२. चार-चारचे तीन गट. तिन्ही गटविजेते आणि दुसऱ्या क्रमांकावरच्यांतला सर्वोत्तम एक, असे चार उपांत्य फेरीत. विजयाला ४ गुण, बरोबरीला २, चार ट्राय केले तर १ बोनस आणि ७ किंवा कमी गुणांनी हरलात तर १ बोनस.

२०१९ ला न्यूझीलंडने जॉर्जिया आणि स्कॉटलंड यांना हरवलं आणि गटातला शेवटचा सामना आफ्रिकेशी १७-२५ असा गमावला. फरक ८ चा. पराभवाचा बोनससुद्धा एका गुणाने हुकला. उपांत्य फेरी गेली आणि मग पाच ते आठ क्रमांकांच्या लढतींत वेल्सकडून ७-८. एका गुणाने! मनाने खचलेल्या संघाचा तो निकाल होता. म्हणजे सातव्या क्रमांकाचा संघ सगळीकडे मार खाऊन आला असं नाही. दोन सामने हरला, त्यांतला एक एका गुणाने.

रेषेपलीकडे:
मोजपट्टी, हे फार छान सांगितलंत. पण म्हणजे एक पराभव झाला की संपलं, असंच ना?

मोजपट्टी:
मुळीच नाही. २०१२ बघा. न्यूझीलंड गटात वेल्सकडून ९-६ हरलं, या स्पर्धेतला त्यांचा पहिलावहिला पराभव. दक्षिण आफ्रिका गटात आयर्लंडकडून २३-१९ हरली. आणि अंतिम सामना खेळले हेच दोघे. उपांत्य सामन्यात न्यूझीलंडसमोर परत वेल्सच आलं आणि या वेळी ३०-६. हरलेल्या सामन्यातला बोनस आणि बाकीच्या दोन सामन्यांत चार-चार ट्राय, या दोन गोष्टी सांभाळल्या तर दुसरं दार उघडं राहतं.

कोरडी_धार:
त्या ९-६ मागे आणखी एक आकडा आहे. आदल्याच वर्षी, २०११ ला, याच स्पर्धेत न्यूझीलंडने वेल्सला ९२-० हरवलं होतं. ब्याण्णव शून्य! तिथून बारा महिन्यांत वेल्सने तीन पेनल्टींवर तो सामना काढला. मुलं वर्षभरात बदलतात, संघ तर अख्खा बदलतो. जुन्या निकालावरून पुढच्या वर्षाचं भाकीत करणाऱ्यांनी हे दोन आकडे भिंतीवर लावून ठेवावेत.

सायली_म:
वाचतेय. एक शंका: ऑल ब्लॅक्सच्या (न्यूझीलंडच्या मोठ्या संघाच्या) धर्तीवर यांना "बेबी ब्लॅक्स" म्हणतात ते अधिकृत नाव आहे का? आणि न्यूझीलंडच्या बातम्यांत दहा नंबरला "फर्स्ट फाइव्ह" का म्हणतात?

नऊनंबरी:
बेबी ब्लॅक्स हे चाहत्यांचं आणि वर्तमानपत्रांचं लाडकं नाव. शंभर किलोच्या "बाळां"कडे बघून ते नाव घ्यायला धीर लागतो :) अधिकृत नाव साधं, न्यूझीलंड अंडर ट्वेंटी.

फर्स्ट फाइव्ह म्हणजे फर्स्ट फाइव्ह-एट्थ. आठ पुढचे, मग हाफबॅक (९), मग त्याच्या आणि थ्री-क्वार्टरच्या मधले ते फाइव्ह-एट्थ. अपूर्णांकांचा हिशेब आहे: अर्धा म्हणजे चार अष्टमांश, पाऊण म्हणजे सहा अष्टमांश, मध्ये पाच अष्टमांश. म्हणून १० नंबर पहिला आणि १२ नंबर दुसरा फाइव्ह-एट्थ. बाकी जगात हेच फ्लायहाफ आणि इनसाइड सेंटर.

सायली_म:
पाऊण आणि अर्धा यांच्या मधला! धन्यवाद, आता विसरणार नाही.

उजवी_कड:
मूळ प्रश्नाला माझा वेगळा आक्षेप आहे. या संघाचं काम चषक आणणं नाही, ऑल ब्लॅक्स घडवणं आहे. २०११ चा संघ बघा: ब्रॉडी रेटॅलिक, सॅम केन, टीजे पेरेनारा, बोडेन बॅरेट, कोडी टेलर. पाचही जण २०१५ चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघात होते. रेटॅलिक २०१४ चा जगातला सर्वोत्तम खेळाडू, बॅरेट २०१६ आणि २०१७ चा. आता हरलेल्या वर्षांकडे या. २०१६, पाचवा क्रमांक: जॉर्डी बॅरेट. २०१९, सातवा क्रमांक: कलन ग्रेस, क्विन टुपाइया. २०२३, सातवा क्रमांक: नोआ होथम, पीटर लाकाई, दोघेही पुढच्याच वर्षी ऑल ब्लॅक्स. तर मग बिघडलं काय?

रेषेपलीकडे:
उजवी_कड, बिघडलं हे की ती मुलं हरून आली. २०११ च्या संघाने दोन्ही केलं, चषकही आणला आणि खेळाडूही दिले. दोन्ही एकत्र होतं हे सिद्ध झालेलं आहे. शिवाय तुमच्या हरलेल्या वर्षांच्या यादीत एकही टाइटहेड नाही. हाफबॅक, सेंटर, फ्लँकर सगळे मिळाले.

खांदेकरी:
रेषेपलीकडे यांनी माझं वाक्य चोरलं.

मधल्या_फळीतला:
उजवी_कड यांच्या मुद्द्याला दुसरी बाजू आहे. जो मुलगा १९ व्या वर्षीच सुपर रग्बीत, म्हणजे मोठ्यांच्या व्यावसायिक स्पर्धेत, नियमित खेळतो त्याला क्लब आणि संघटना इकडे पाठवतीलच असं नाही. २०१६ ला रीको इओआने वयात बसत होता, पण तो सेव्हन्सकडे, म्हणजे सात-सातच्या रग्बीकडे होता, रिओ ऑलिम्पिकला गेला. असे दोन-तीन जण गेले की संघाचा कणाच जातो. त्यात रग्बी लीगवाले (तो तेरा-तेरा जणांचा वेगळा खेळ) ऑस्ट्रेलियाहून येऊन शाळेतल्या मुलांशी करार करतात, त्यांचा ओढा वेगळाच.

पॅरिसरोड:
हे कारण मी मानत नाही. फ्रान्स बघा. २०१८ ला त्यांच्याकडे रोमँ न्टामाक होता, उपांत्य सामन्यात न्यूझीलंडला १६-७ आणि अंतिम सामन्यात इंग्लंडला ३३-२५ हरवलं. २०१९ ला न्टामाक वयात बसत होता, पण तोवर तो फ्रान्सच्या मोठ्या संघात गेलेला. तरीही ते रोझारियोत ऑस्ट्रेलियाला २४-२३ हरवून जिंकलेच. २०२३ ला आयर्लंडला अंतिम सामन्यात ५०-१४. सलग तीन स्पर्धा.

कारण काय, तर फ्रान्समध्ये २०१० पासून नियम आहे की क्लबांनी आपल्याकडे घडलेले ठरावीक खेळाडू खेळवलेच पाहिजेत. त्यामुळे १९ वर्षांचा प्रॉप आठवड्याला प्रो डी २ मध्ये (फ्रान्सची दुसऱ्या दर्जाची व्यावसायिक लीग) तिशीतल्या माणसांशी भिडतो. खांदेकरींचा दीड मीटरचा मुद्दा घ्या आणि त्यात हे मिसळा. एक मुलगा शाळेतून थेट येतो, दुसरा दोन हंगाम मोठ्यांच्या स्क्रममध्ये रगडून येतो. २०२३ च्या फ्रान्सच्या संघात पोसोलो तुइलागी हा लॉक (स्क्रमच्या दुसऱ्या फळीतला) होता, वजन दीडशे किलोच्या घरात. तीन नंबरच्या मागून तेवढा धक्का आला तर समोरच्याने काय करावं?

खांदेकरी:
नेमकं हेच. आणि म्हणूनच बहुतेक संघ दोन लॉकपैकी जड असलेला उजवीकडे, तीन नंबरच्या मागे ठेवतात. त्याचा खांदा प्रॉपच्या नितंबाच्या खालच्या कडेला लागला पाहिजे. वर लागला तर दाब पाठीला वाकवतो, पुढे जात नाही.

आता ३० जणांच्या चमूचं गणित सांगतो, कारण चुका तिथेही होतात. सामन्याला २३ जण, त्यात पुढच्या फळीचे किमान सहा: दोन लूझहेड, दोन हुकर, दोन टाइटहेड. चमूत साधारण नऊ नेतात, प्रत्येक जागेला तीन. दुसऱ्या सामन्यात एका टाइटहेडच्या डोक्याला मार बसला, १२ मिनिटांच्या तपासणीत तो नापास झाला, की उरले दोन. मग ते दोघे प्रत्येक सामन्यात २३ मध्ये असलेच पाहिजेत, विश्रांती शून्य. २०२५ ला सामने २९ जून, ४ जुलै, ९ जुलै, १४ जुलै आणि १९ जुलै असे होते, दर पाचव्या दिवशी एक. पाचव्या सामन्यापर्यंत त्या दोघांची मान, पाठ, पोटऱ्या काय अवस्थेत असतील? ज्यांच्याकडे तिसरा टाइटहेड पहिल्या दोघांच्या तोडीचा, ते अंतिम सामना जिंकतात. बाकी सगळं त्यानंतर.

आणि दोन्ही टाइटहेड एकाच सामन्यात बाहेर गेले तर स्क्रम नुसते नावाला होतात, कुणी ढकलायचं नाही. त्याचा तोटा कुणाला? ज्याचा स्क्रम भारी त्याला. म्हणून नियमात पळवाट राहू नये याची काळजी घेतलेली असते आणि अशा वेळी एक माणूस कमी करून खेळावं लागू शकतं.

कोरडी_धार:
आणि हुकरचा थ्रो? त्याबद्दल कुणी बोललंच नाही. लाइनआउट पाच मीटर ते पंधरा मीटर रेषेच्या मध्ये. पुढे फेकणं सोपं, पण तिथे चेंडू मिळाला तरी हल्ल्याला फारसा फायदा नाही. शेपटीला, म्हणजे बारा-तेरा मीटरवर फेकलेला चेंडू मागच्या फळीसाठी सगळ्यांत चांगला, आणि तोच चुकतो. उचललेला लॉक सर्वांत उंच असतो तो जेमतेम क्षणभर. हुकरने लॉककडे न बघता तो जिथे पोचणार त्या जागेकडे फेकायचं असतं. नव्या संघात हा मेळ बसायला सामने लागतात, सराव पुरत नाही, कारण सरावात समोर उडी मारणारा शत्रू नसतो. मधल्या_फळीतला यांचा वेळापत्रकाचा मुद्दा माझ्या मते इथे खरा ठरतो.

अंधेरीकर:
अवांतर: आपल्याकडे २०२५ च्या जूनमध्ये मुंबईत रग्बी प्रीमियर लीग झाली, ती सात-सातची. तिथे स्क्रम तिघा-तिघांचा आणि चेंडू पटकन बाहेर. ते बघून १५ जणांच्या रग्बीकडे वळणाऱ्यांना सुरुवातीला हा खेळ थांबून-थांबून चालल्यासारखा वाटतो. वरचे खांदेकरींचे प्रतिसाद अशांना आधी वाचायला द्यावेत, मग तो "थांबलेला" वेळच सामना ठरवतो हे कळेल.

उजवी_कड:
वाचून मत थोडं बदललं. चषक महत्त्वाचा नाही हे मागे घेत नाही, पण टाइटहेड मिळत नाहीत हा आक्षेप मान्य. आता एक उलट प्रश्न. डेव्ह रेनी २००८ ते २०१० प्रशिक्षक होता, तिन्ही वर्षं जिंकला, आणि पुढे चीफ्स या न्यूझीलंडच्या संघाला २०१२ आणि २०१३ चं सुपर रग्बी जिंकून दिलं. स्कॉट रॉबर्टसन २०१५ ला जिंकला, २०१६ ला पाचवा आला. माणूस तोच, निकाल वेगळे. मग प्रशिक्षकाचा वाटा किती धरायचा?

मधल्या_फळीतला:
रेनीला सलग तीन वर्षं मिळाली हेच उत्तराचा अर्धा भाग आहे. खुणा, हाका, लाइनआउटची भाषा तीच राहते, दुसऱ्या वर्षाची मुलं पहिल्या वर्षाच्यांना शिकवतात. २०१६ चा पराभव आयर्लंडचा होता, गटात ३३-२४, आणि त्या वर्षीची आयर्लंडची फळी खरंच तगडी होती, अंतिम फेरीपर्यंत गेली. त्याचा दोष रॉबर्टसनला देणं बरोबर नाही.

रेषेपलीकडे:
चर्चा फार चांगली झाली, आता मूळ प्रश्नावर परत येऊ. २०१९ आणि २०२३ ला सातवे, मग २०२४ ला तिसरे, २०२५ ला अंतिम फेरी. मधल्या काळात काय दुरुस्त झालं?

मोजपट्टी:
२०२४ ला रग्बी चॅम्पियनशिपची २० वर्षांखालची आवृत्ती सुरू झाली. ऑस्ट्रेलियातल्या सनशाइन कोस्टला, मे महिन्यात. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका, अर्जेंटिना. प्रत्येकाला तीन सामने, तिन्ही तोडीस तोड. पहिल्या वर्षी ती न्यूझीलंडनेच जिंकली. त्याच वर्षी जागतिक स्पर्धेत फ्रान्सला गटात २७-२६ हरवलं, उपांत्य सामन्यात इंग्लंडकडून २०-३१ हरले आणि तिसऱ्या क्रमांकासाठी आयर्लंडला ३८-२४. २०२५ च्या उपांत्य सामन्यात परत फ्रान्सला ३४-२६. म्हणजे २०१८ आणि २०२३ ला ज्या फ्रान्सने हरवलं, त्याला लागोपाठ दोन वर्षं हरवलं. मधल्या_फळीतला यांचा मुद्दा निम्म्याहून जास्त बरोबर निघाला असं मला वाटतं.

खांदेकरी:
आणि उरलेला माझा. फ्रान्सला हरवण्याइतपत पुढची फळी झाली, आफ्रिकेइतकी अजून झाली नाही. प्रशिक्षक केव्हिन फूटच्या त्या आफ्रिकी संघाने स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यात ऑस्ट्रेलियाला ७३-१७ हरवलं, गटात इंग्लंडला, उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाला ४८-२४. हे निकाल पुढच्या फळीतून आले. न्यूझीलंडने २०२५ मध्ये अंतिम फेरी खेळलेल्या प्रॉपपैकी ज्यांचं वय बसतं, त्यांना पुढच्या वर्षी परत आणावं आणि मधल्या काळात प्रांतिक स्पर्धेत, एनपीसीत, मोठ्यांशी भिडवावं. राखीव बाकावर बसवून प्रॉप तयार होत नाही.

शिशिर_क:
२०२६ पासून परत १६ संघ होणार आहेत ना? त्याने काय फरक पडेल?

मोजपट्टी:
हो, १६. मागे १६ होते तेव्हा चार गट असायचे आणि फक्त गटविजेता उपांत्य फेरीत जायचा. दुसऱ्या क्रमांकाला दार नव्हतं. न्यूझीलंडने ती दोन्ही वर्षं एकही सामना न गमावता जिंकली, म्हणून कुणाला ते जाणवलं नाही. २०१२ चा न्यूझीलंड त्या रचनेत गटातच संपला असता.

सायली_म:
नव्याने बघायला लागलेल्यांनी जुने कोणते सामने आधी बघावेत? स्क्रम कळेल असे.

खांदेकरी:
दोन बघा, पाठोपाठ. २०१७ चा तिबिलिसीचा आणि २०२५ चा रोव्हिगोचा, दोन्ही अंतिम सामने. पहिल्या वेळी गुणफलक झाकून ठेवा आणि दर स्क्रमला न्यूझीलंडच्या तीन नंबरची पाठ बघा, चेंडू नको. "सेट" म्हटल्यावर पाठ टेबलासारखी सपाट राहते की मधून वाकते, एवढंच. सपाट राहिली तर वहीत एक उभी रेघ, वाकली तर आडवी. दुसऱ्या वेळी त्या स्क्रमनंतर चेंडू कुठे गेला ते लिहा: मागच्या फळीकडे, पेनल्टी, की आपल्याच पाच मीटर रेषेवर लाइनआउट. आणि दोन्ही पानं इथे टाका.

सायली_म:
दोन वह्या काढल्या. शनिवारी बघते, रेघा इथेच लिहीन.